आधी विषय, मग कॉलेज



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कुठल्या कॉलेजात?’ हा. ‘काय शिकायला?’ हे मागाहून, आणि पुष्कळदा विचारलेच जात नाही. हा क्रम उलटा करा, एवढेच सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

कॉलेज मनासारखे मिळाले नाही तर पुढे बदलता येते. अकरावीचे विषय बदलणे तितके सोपे नसते. गणिताची भीती वाटते म्हणून मुलगी गणित सोडून जीवशास्त्र घेते. बारावीनंतर इंजिनियर व्हावेसे वाटले तर तिची वाट अडलेली असते. डॉक्टरीसाठी जीवशास्त्र हवे आणि ‘नीट’ परीक्षाही हवी. युनानीच्या बीयूएमएसलासुद्धा आता नीटच लागते, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नाही. बी.फार्म.ला मात्र गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंपैकी एक चालते. म्हणून विषयांचा अर्ज भरताना मुलाला जवळ बसवून घ्या. शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले, याची चौकशी नंतर करा.

आपल्या कोपरखैरण्यात बाजार समितीत हमाली करणारे, माथाडी, रिक्षावाले, लहान दुकानदार अशी कष्टकरी वस्ती आहे. अशा घरांनी पदविकेचा, म्हणजे पॉलिटेक्निकचा, विचार अवश्य करावा. हिशेब करून पाहा. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार मिळून सहा वर्षे. दहावीनंतर पदविकेची तीन, मग थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, तीही सहाच! फरक असा की, मध्येच घरची अडचण आली, तर तीन वर्षांनी हातात कमाईचा कागद असतो. बारावीवर थांबलेल्या मुलाच्या हातात तसे काही नसते. पदविकेचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, त्यासाठी सीईटी नाही.

‘पोरीला एवढ्या लांब कसे पाठवायचे?’ हा आयांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण २००४ साली ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून अंतराचा अर्थ बदलला आहे. इंजिनियरिंगचे एक कॉलेज कोपरखैरण्यातच आहे. वाशीला आहे, ऐरोलीला आहे. नवीन पनवेलच्या अंजुमन-ए-इस्लामच्या काळसेकर संकुलात इंजिनियरिंग, फार्मसी आणि आर्किटेक्चर तिन्ही आहेत. पनवेल गाडीने खांदेश्वरला उतरावे. भायखळ्याचे साबू सिद्दीकही ठाण्यावरून गाठता येते.

आता पैशाचे. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणारा एजंट हे तुम्हाला सांगणार नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अशा सीटवर घालणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांची मुलगी फेरीत थांबली असती तर कदाचित फुकट शिकली असती.

परराज्यातील एखादे ‘विद्यापीठ’ घरबसल्या पदवी देऊ करत असेल, तर आधी विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी पाहा. १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे ते ठरलेले आहे. बोगस विद्यापीठांची यादीही आयोगच प्रसिद्ध करतो.

एक आमच्या पेशाबद्दल. ‘मुलगी आहे, मास्तरीण होऊ द्या’ असे म्हणून बी.एड.ला धाडू नका. आता टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर वाट पाहणे, असा प्रवास आहे. तिला शिकवण्याची आवड असेल तरच.

तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा आपल्यातील कित्येक जाती ओबीसीत येतात. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो बहुधा आजोबांच्या गावच्या शाळेत असतो. निकालाच्या गर्दीत तो मिळत नाही. दिवाळीच्या सुटीत गावी जाल, तेव्हा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून आणा. नॉन-क्रीमीलेअरचा अर्ज कसा भरायचा, ते शाळेत येऊन विचारा. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर बसलेला असतो.