सफर पेटी

 

मागच्या वेळी मी व्यवसाय आराखड्यावर बोलले होते. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आमच्या गावातही हसले होते. आज मी सांगणार आहे आफ्रिकेतल्या जंगलसफारीचा हिशोब. टीव्हीवर दिसतं ते सिंह, हत्ती, जिराफांचं केनिया. आणि तिथे जाणार आहेत आमच्या गटातल्या सहा जणी. अजून गेलेल्या नाहीत, तयारी चालू आहे. म्हणून आज बोलायचं ते तयारीबद्दलच.

आमचं गाव ताडोब्याच्या बफरमध्ये. वाघ बघायला मुंबई-पुण्याचे लोक आमच्या दारावरून जिप्सीत बसून जातात. आमच्यातली एक ताई त्याच जिप्सीत गाईड आहे, दोघी होमस्टे चालवतात, एक मेस चालवते, एक शिवणकाम करते आणि सहावी आमची मावशी, वय छप्पन्न. शेळ्या पाळते. गाई होत्या, त्यातल्या दोन वाघाने नेल्या. ही सगळी खटपट सुरू झाली ती मावशीच्या एका वाक्यामुळे. एका बैठकीत गाईड ताई मोबाईलवर केनियाचा व्हिडिओ दाखवत होती. मासाई लोकांची वस्ती, काट्यांचं कुंपण, आत गाई आणि बाहेर सिंहाचा मुलूख. मावशी म्हणाली, "बाई, माह्या गाई वाघानं नेल्या. त्या लोकायच्या घराजवळ सिंह रायते म्हणते. ते कसे रायते, ते मले पाहाचं हाय."

कुणी हसलं नाही. मी समन्वयक, म्हणून मीच म्हणाले, "खर्च काढून बघू या का?" आपल्या गटांची हीच तर शिकवण आहे. जमेल की नाही हे आधी ठरवायचं नाही. आधी कागदावर मांडायचं.

पहिला प्रश्न लगेच आला, गटातून अंतर्गत कर्ज काढता येईल का? मी स्पष्ट नाही म्हणाले. गटाचा पैसा खत-बियाण्याला, आजारपणाला, धंद्याला. फिरण्यासाठी कर्ज काढलं तर परत आल्यावर सिंह आठवतील आणि हप्ताही आठवेल. म्हणून आम्ही वेगळी बचत सुरू केली. गटाच्या वहीत ती नाही. सहा जणींची सहा आवर्ती ठेव खाती, प्रत्येकीचं स्वतःच्या नावावर. महिन्याला तीन हजार. तिला नाव दिलं 'सफर पेटी'. केनियाच्या स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास. मूळ शब्द अरबी, आणि आपला सफर हा शब्दही तिथूनच आलेला. म्हणजे नाव एकच झालं.

आता हिशोब. वही-पेन घ्या. हा आमचा अंदाज आहे, एका बाईचा, डॉलर नव्वद रुपये धरून. पासपोर्ट 1,500. केनियाची ऑनलाइन प्रवेश परवानगी साधारण 3,000. लस, औषधं आणि लसीसाठी जाणं-येणं 3,500. गावाहून मुंबई आणि परत, मुक्कामासह 4,000. मुंबई-नैरोबी विमान, जाऊन-येऊन 45,000. पाच दिवसांची सफारी, गाडी, राहणं, जेवण आणि उद्यानांची फी धरून 76,500. नैरोबीत दोन रात्री 9,000. प्रवास विमा 1,500. गाडीवाल्या गाईडची बक्षिशी आणि किरकोळ 5,000. आणि राखीव 13,000. बेरीज करा. 1 लाख 62 हजार. महिन्याला तीन हजार म्हणजे 54 महिने, साडेचार वर्षं.

ते राखीव तेरा हजार पाहून एक जण म्हणाली, हे कशाला? सांगते. आम्ही सुरुवात केली तेव्हा बेरीज 1 लाख 30 हजार आली होती. नंतर डॉलर महागला आणि उद्यानाची फीही वाढली. लांबच्या योजनेत राखीव रक्कम नसेल तर शेवटच्या वर्षी रडायची पाळी येते.

आता खर्च कमी कुठे करता येतो? पैठणीवर लेस महाग घेतली तरी फरक पन्नासाचा. फरक पडतो तो मोठ्या आकड्यांत. सफारीत मोठे आकडे तीन, महिना, गाडी आणि ठिकाणं.

आधी महिना. मासाई मारा हे केनियातलं सगळ्यात गाजलेलं अभयारण्य. तिथे 2024 पासून परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर फी आहे आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर. का? कारण साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात लाखो विल्डबीस्ट आणि झेब्रे टांझानियाच्या सेरेंगेटीतून माराकडे येतात आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. टीव्हीवर दाखवतात ते हेच. आम्ही मारात दोन दिवस राहणार. सहा जणींचा दोन दिवसांचा फरक 1,200 डॉलर, म्हणजे 1 लाख 8 हजार रुपये. जवळजवळ एका बाईची निम्म्याहून जास्त सहल!

मग आम्ही काय सोडतोय, तेही खरं सांगते. नदी ओलांडणारे कळप आम्हाला दिसणार नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत ते दक्षिण सेरेंगेटीत असतात, तिथेच त्यांची पिल्लं जन्मतात. पण सिंह, हत्ती, जिराफ, रानम्हशी, झेब्रे मारात बाराही महिने असतात. जानेवारी-फेब्रुवारी तिथे कोरडे महिने. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा पाऊस, तेव्हा स्वस्त असतं पण चिखलात गाड्या फसतात. जून आपल्या पेरणीचा. म्हणून संक्रांतीचं हळदी-कुंकू आटोपलं की निघायचं, असा आमचा ठराव आहे. आणि हो, वाघ मात्र तिथे नाही. अख्ख्या आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाही. तो बघायला त्यांनी आपल्याकडे यावं.

दुसरी गोष्ट गाडी. सफारीचा खर्च माणशी सांगतात, पण गाडी, डिझेल आणि गाईड यांचा खर्च गाडीमागे असतो. दोघींनी गाडी घेतली तर तो दोघींत वाटला जातो, सहा जणींनी घेतली तर सहा जणींत. म्हणून आम्ही सहाच जणी, ना पाच ना आठ. वर उघडणाऱ्या छताच्या गाडीत सहा जणी बसल्या तर प्रत्येकीला खिडकी मिळते. एकट्या-दुकट्या बाईलाही इतर प्रवाशांबरोबर गाडीत जागा मिळते, पण तारीख आणि वाट त्यांच्या सोयीची.

तिसरी गोष्ट ठिकाणं. पहिल्यांदा जाणारी म्हणते, मारा पण, अंबोसेली पण, सेरेंगेटी पण. देश बदलला की परवानगी वेगळी, फी वेगळी. अंबोसेलीत किलिमांजारोसमोर हत्तींचे कळप दिसतात, मोह होतोच. पण ते नैरोबीच्या दुसऱ्या बाजूला. आम्ही एकच वाट धरली. नैरोबीहून मारा, पाच-सहा तासांचा रस्ता. तिथे दोन रात्री, मग नैवाशा तलाव आणि तिथून नैरोबी. नैवाशाजवळ हेल्स गेट उद्यान आहे, तिथे चालत किंवा सायकलवर फिरता येतं, झेब्रे आणि जिराफ आजूबाजूला चरत असतात. आमच्यातल्या दोघींना सायकल येते, त्या आत्ताच ऐटीत आहेत.

राहणं तंबूत, माराच्या गेटबाहेर. आतल्या लॉजपेक्षा खूप स्वस्त. फक्त शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत गेटबाहेर पडायचं ते आधी विचारून ठेवायचं, नाहीतर एका दिवसाची फी जास्त बसते.

आता सावधगिरी. मागच्या वर्षी एक एजंट आमच्याकडे आला. केनिया सफारी फक्त नव्वद हजारात, आज पंचवीस भरा, जागा थोड्या आहेत. आम्ही म्हणालो, यात काय काय धरलंय ते लिहून द्या. लिहून दिलं तेव्हा उद्यानाची फी नव्हती, परवानगी नव्हती, लस नव्हती, दुपारची जेवणं नव्हती. बेरीज केली तर आमच्यापेक्षा महाग. शिवाय भरलेले पैसे परत नाहीत. म्हणून हे प्रश्न पाठ करा. उद्यानाची फी धरली आहे का, आणि किती दिवसांची? गाडीत किती माणसं? पाणी आणि जेवण धरून? नाही जमलं तर पैसे किती परत? आणि केनियातली कंपनी असेल तर तिच्याकडे तिथल्या पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना आहे का? केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्स या संघटनेची सदस्य यादीही बघता येते. भारतातून टूर पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस कापतात. त्याची पावती जपा, रिटर्न भरून ती रक्कम परत मागता येते.

प्रवेश परवानगीला ई-टीए म्हणतात. 2024 च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ती आली. ती केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा, तशाच दिसणाऱ्या इतर जागा जास्तीचे पैसे घेतात.

लस पिवळ्या तापाची. ती सरकारने ठरवलेल्या केंद्रांतच मिळते, ठरावीक दिवशी. निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, दाखला जन्मभर चालतो. दाखला नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अंड्याची ॲलर्जी असलेल्या आणि साठीपुढच्या बायांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. मारात हिवतापाची भीती असते, त्याच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच.

आणि प्लास्टिकची पिशवी एकही न्यायची नाही. केनियात 2017 पासून त्यांच्यावर कडक बंदी आहे. लाडू-चिवडा डब्यात, बाकी सगळं कापडी पिशवीत. आमची शिवणकामवाली ताई सहा पिशव्या शिवते आहे. स्वेटर मात्र हवाच, मारा उंचावर आहे, पहाटे चांगली थंडी वाजते.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही खरं तर याच जानेवारीत निघणार होतो. मावशीचे पैसे भरत आले होते. पावसाळ्यात तिच्या मुलीचं बाळंतपण अडलं, नागपूरला न्यावं लागलं. मावशीने खातं मोडून चाळीस हजार काढले. आमचा नियमच आहे, आपली पेटी आपण कधीही उघडायची, कुणी कारण विचारायचं नाही. मुलगी आणि बाळ सुखरूप आहेत. पण बैठकीत मावशी म्हणाली, "तुम्ही पाच जणी जा. मले फोटो दाखवजा."

गप्प बसलो सगळ्या. मग गाईड ताईने वही काढली. पाच जणी गेलो तर गाडीचा खर्च पाच जणींत, म्हणजे प्रत्येकीला जास्त. दोन सहली करणं तर परवडणारच नाही. पण खरं कारण हिशोबाचं नव्हतं. प्रश्न मावशीचा होता, आणि उत्तर ऐकायला ती नसेल तर आम्ही विचारायचं कुणासाठी? ठराव झाला, सहल एक वर्ष पुढे. आम्ही कुणालाही आगाऊ रक्कम भरली नव्हती, म्हणून एक रुपयाही बुडाला नाही. बाकी पाच जणींनी ठरवलं, मधल्या वर्षात आपापली राखीव रक्कम वाढवायची. मावशीने दोन बोकड वाढवले. मदत घेणार नाही म्हणाली, घेतलीही नाही.

तिकडच्या बायांबद्दलही आम्ही वाचलं. केनियात आपल्यासारखेच बचतगट आहेत, त्यांना 'चामा' म्हणतात. आपल्या भिशीसारखी पाळीपाळीने रक्कम उचलतात. पैशाला तिकडेही 'पेसा' म्हणतात, दुकानाला 'दुका', चहाला 'चाय', चपातीला 'चपाती'. सांबुरू भागात उमोजा नावाचं गाव 1990 मध्ये रिबेका लोलोसोली आणि तिच्या सोबतच्या बायांनी वसवलं. छळ सोसून बाहेर पडलेल्या बाया तिथे राहतात, मण्यांचे दागिने विकतात, पर्यटकांसाठी तंबूंची जागा चालवतात. ते आमच्या वाटेवर नाही, पण आमच्या होमस्टेवाल्या दोघी त्याची गोष्ट सगळ्यांना सांगत असतात.

आणि मावशीच्या प्रश्नाचं थोडं उत्तर आम्हाला घरबसल्याच मिळालं. नैरोबी उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे नावाच्या मासाई मुलाने लहान वयातच एक युक्ती काढली. गोठ्याभोवती टॉर्चचे दिवे लावले, जुनी बॅटरी आणि सोलर जोडून ते लुकलुकते ठेवले. माणूस टॉर्च घेऊन फिरतोय असं सिंहाला वाटतं, तो जवळ येत नाही. मावशीने हे तीनदा ऐकलं. म्हणाली, "वाघ भुलन का, माहीत नाही. पण पाहून येतो."

मागच्या आठवड्यात तिचा पासपोर्ट आला. घर, शेत, सगळं आधी सासऱ्याच्या नावावर, मग नवऱ्याच्या, आता मुलाच्या. तिने पासपोर्ट उघडून स्वतःचं नाव बोट ठेवून वाचलं आणि गटाच्या पेटीत ठेवायला दिला. म्हणाली, घरी शेळ्या खातील.

मैत्रिणींनो, तुम्हाला केनियाच हवं असं नाही. कुणाला समुद्र बघायचा असेल, कुणाला काशी. पण मनात असेल तर या महिन्याच्या बैठकीत, गटाचं काम संपल्यावर, एक कोरा कागद घ्या आणि खर्च मांडा. तुमची बेरीज किती आली, ते मला पुढच्या कार्यक्रमात फोन करून सांगा. नमस्कार.