शर्यतीचा रस्ता आणि गावाची आठवण



या व्यासपीठावरून तुम्ही आजवर संतवाङ्मय, नाट्यपरंपरा, सीमाभागातील बोली अशा विषयांवर ऐकत आला आहात. यंदा बेळगावातला एक होमिओपॅथीचा डॉक्टर मोटारींच्या जुन्या शर्यतींवर बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. पण तासाभराने तुमच्या लक्षात येईल की मी तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीबद्दल बोलत होतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराला लागून लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे बटाट्याची शेते, छोटी गावे आणि धुळीचे रस्ते होते. विल्यम के. व्हँडरबिल्ट धाकटे हे रेल्वेच्या पैशावर वाढलेल्या घराण्यातले. त्यांना मोटारीचा भारी नाद. युरोपातल्या गाड्यांशी टक्कर देतील अशा गाड्या अमेरिकेत तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी चांदीचा मोठा चषक ठेवला, आणि ८ ऑक्टोबर १९०४ रोजी लाँग आयलंडच्या सार्वजनिक रस्त्यांवर पहिली व्हँडरबिल्ट चषक शर्यत झाली.

सार्वजनिक रस्त्यांवर, हे शब्द ध्यानात ठेवा. वेगळी धावपट्टी नव्हती. ज्या रस्त्याने शेतकरी भाजी घेऊन शहरात जात, त्याच रस्त्यावरून पहाटे सहापासून गाड्या दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटल्या. धूळ बसावी म्हणून आधी रस्त्यावर सुमारे ९०,००० गॅलन तेल ओतले होते. कुत्री बांधून ठेवा, कोंबड्या कोंडून ठेवा, असे इशारे गावोगाव लागले. शेतकऱ्यांनी विरोध केला, पण शर्यत झालीच. पॅरिसमध्ये राहणारे अमेरिकन चालक जॉर्ज हीथ पनार गाडीतून सुमारे २८४ मैल ताशी ५२ मैलांच्या सरासरीने गेले आणि पहिले आले. दुसरा येताच लोक रस्त्यावर घुसले, म्हणून बाकीच्यांची शर्यत थांबवावी लागली. त्याच दिवशी एक गाडी उलटून कार्ल मेन्सेल हा मेकॅनिक मरण पावला. त्या काळी चालकाशेजारी मेकॅनिक बसे. तेलाचा दाब राखणे, टायरवर नजर ठेवणे, मागून कोण येतो ते सांगणे ही त्याची कामे. जीव दोघांचाही पणाला लागे, पण मथळ्यात नाव चालकाचे येई.

१९०६ मध्ये गर्दी इतकी रस्त्यावर आली की एक प्रेक्षक गाडीखाली सापडून मेला. १९०७ साली शर्यत झाली नाही. मग व्हँडरबिल्ट यांनी फक्त मोटारींसाठी खासगी रस्ता बांधायला घेतला: सिमेंट काँक्रीटचा, आडवा रस्ता कुठेही न छेदणारा, वरून-खालून पूल असलेला आणि टोल घेणारा. १९०८ मध्ये त्याचा पहिला भाग वापरात आला. त्या वर्षी जॉर्ज रॉबर्टसन यांनी लोकोमोबिल गाडी चालवून चषक जिंकला. अमेरिकन गाडीचा तो पहिला विजय. १९०९ आणि १९१० मध्ये हॅरी ग्रँट जिंकले. पण १९१० च्या शर्यतीत दोन मेकॅनिक गेले, अनेक प्रेक्षक जखमी झाले, आणि लाँग आयलंडवरच्या शर्यती बंद पडल्या. रस्ता मात्र वाढत सुमारे ४५ मैलांचा झाला. पुढे सरकारने शेजारी बिनटोलचे रुंद रस्ते केले. आपल्याकडे असा रस्ता झाला तर तुम्ही टोल भराल का? तिथेही कोणी भरला नाही. सुरुवातीचा दोन डॉलरचा टोल चाळीस सेंटवर आला, तरी १९३८ मध्ये रस्ता बंद पडला.

आता मुद्द्याकडे येतो. या सगळ्यातले काय उरले, आणि ते कोणी उरवले?

चषक उरला, चांदीच्या वस्तूला रक्षक मिळतोच. तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. व्हँडरबिल्टांचा वाडाही त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे लोकांसाठी संग्रहालय झाला. पण १९०८ ची ती गाडी कशी उरली? लहानपणी १९०६ ची शर्यत पाहिलेला पीटर हेल्क नावाचा मुलगा पुढे चित्रकार झाला. १९४१ मध्ये त्याने ती गाडी विकत घेतली आणि मरेपर्यंत सांभाळली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. अंगावर तोच झिजलेला रंग आणि तोच १६ हा आकडा. कोणी तिला नवा रंग फासला नाही. आपल्याकडे जुन्या देवळाला ऑइलपेंट मारणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

रस्त्याचे तुकडे उरले. माझी मुलगी क्वीन्समध्ये राहते. तिच्याकडे गेलो असताना त्यातल्या एका तुकड्यावरून मी रोज सकाळी फिरायला जात असे. दोन बागांना जोडणारी ती आता सायकलवाट आहे. दोन्ही बाजूंना झाडी, कडेला काँक्रीटचे बुटके खांब आणि अधूनमधून जुना पूल. १९०४ च्या शर्यतीत जिथे गाड्या थांबवून सावकाश गावातून नेत, त्यातले एक गाव हिक्सव्हिल. आज तिथे आपल्या लोकांची इतकी दुकाने आहेत की इडलीच्या तांदळापासून पुरणाच्या डाळीपर्यंत सगळे मिळते. वाणसामान घ्यायला जाणाऱ्या आपल्या किती मुलांना ठाऊक असेल की या रस्त्यावर इतिहास घडला? ठाऊक करून घ्यायचे असेल तर सोय आहे, हे महत्त्वाचे. क्वीन्सच्या सार्वजनिक ग्रंथालयात लाँग आयलंडच्या इतिहासाची कागदपत्रे आहेत. हौशी मंडळींनी घराघरांतले फोटो, नकाशे, तिकिटे, विरोधाची पत्रके जमवली. कोणता फोटो कोणत्या वळणावरचा, यावर ते अजून वाद घालतात. टोलनाक्याची एक छोटी इमारत पडायच्या बेतात होती, ती उचलून दुसरीकडे नेऊन त्यांनी वाचवली.

म्हणजे श्रीमंताच्या चषकाची काळजी राष्ट्राने घेतली. कोंबड्या कोंडणाऱ्या शेतकऱ्याची, मेलेल्या मेकॅनिकची, टोल घेणाऱ्या माणसाची काळजी गावाला घ्यावी लागली. मोठा इतिहास राजधान्या लिहितात. गावाचा इतिहास गावाने लिहिला नाही, तर कोणीच लिहीत नाही.

आणि आपली राजधानी कोणती? सीमेवरच्या, संस्थानी गावांतल्या आपण मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, मग म्हैसूर राज्यात आले. या दप्तरातून त्या दप्तरात जाताना कागद गळतात. इंदूर, ग्वाल्हेर, वडोद्याच्या घरांचीही हीच कथा, फक्त सनावळी वेगळी. म्हणून आपल्या पेट्या आपणच उघडायच्या आहेत.

माझ्या शास्त्राने मला यासाठी एक रीत दिली आहे. हानेमान यांनी ‘ऑर्गेनॉन’मध्ये वैद्याला सांगितले आहे की रोगी जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, मध्ये तोडू नका, आणि प्रत्येक लक्षण नव्या ओळीवर घ्या, म्हणजे नंतर आठवलेले तिथे भरता येईल. चाळीस वर्षे मी तसे करत आलो. एकदा खोकल्यासाठी एक वृद्ध मिस्त्री आले. आंबोली घाटात चढावर इंजिन तापले की काय काय करावे लागे, हे त्यांनी मला खोकत खोकत सांगितले. मी ते केसपेपरच्या मागे त्यांच्याच शब्दांत उतरवले. त्याच पावसाळ्यात ते गेले. घरच्यांच्या संमतीने ती दोन पाने मी त्यांच्या नातवाला दिली. नातू मोठ्या कंपनीत इंजिनिअर आहे. आजोबा काय काम करत, हे त्याला त्या पानांतून पहिल्यांदा कळले.

तर तुमच्याकडे माझे मागणे असे.

दसऱ्याला हार घातलेल्या गाडीचा फोटो बहुतेक घरांत असतो. त्याच्या मागे पेन्सिलीने लिहा: गाडी कोणाची, उभे कोण, जागा कोणती. नंबरपाटी वाचा, नोंदणी मुंबई राज्यातली की म्हैसूरची, ते कळेल. मालकाबरोबरच क्लीनरचे नाव विचारा. गॅरेजची बिले, परवाने, पेट्रोलची वही रद्दीत घालू नका. सांगणारा कानडीत सांगत असेल तर कानडीत लिहून घ्या, कोकणीत सांगत असेल तर कोकणीत. रस्ता सगळ्यांचा होता. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा. आम्हा जैनांना अनेकान्त लहानपणापासून शिकवतात, तो इथे उपयोगी पडतो. अपघात झाला असेल, कोणाची जमीन रस्त्यात गेली असेल, तर तेही लिहा. नुसत्या शौकाचा इतिहास म्हणजे अर्धी केस. तिच्यावर औषध देता येत नाही.

आणि एक प्रत घरी, एक या मंडळाच्या कपाटात ठेवा. आमच्यात ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, जुन्या पोथ्या बाहेर काढून पुसतात, वेष्टन बदलतात आणि मग पूजा करतात. कुलपात ठेवलेल्या पोथीला कसर लागते, उघडलेल्या पोथीला वाचक मिळतो. मंडळाने वर्षातून एक दिवस असा ठेवावा, त्या दिवशी प्रत्येकाने एक कागद, एक फोटो किंवा एक आठवण घेऊन यावे, अशी सूचना मी अध्यक्षांपुढे मांडतो.

लाँग आयलंडवर शर्यत पाहिलेला माणूस आता कोणी उरलेला नाही. तिथे कागद, पूल आणि खांबच बोलतात. आपल्याकडे घाटातून पहिल्या मोटारी नेणाऱ्यांची मुले अजून हयात आहेत. त्यातले काही आज या सभागृहात मागच्या खुर्च्यांवर बसलेले मला दिसत आहेत. कार्यक्रम संपल्यावर चहा आहे. मी वही आणि पेन घेऊन तिथे बसणार आहे. घाई करू नका, पण पुढच्या वर्षावरही ढकलू नका.