निदान कळल्यानंतर

आजच्या भाषणाचा विषय ऐकतांच कित्येकांचा हात नभोवाणी-यंत्राच्या खटक्याकडे जाईल, याची मला कल्पना आहे. कर्करोग हें नांव घरांत उच्चारूं नये, 'तो आजार' एवढेंच म्हणावें, अशी आपल्याकडे चाल आहे. रात्रीं सापाला साप न म्हणतां 'लांबडें' म्हणण्याच्या रीतीसारखीच ही रीत. परंतु नांव टाळल्यानें अंगणांतला साप जसा जात नाहीं, तसा घरांतला रोगहि जात नाहीं. घशाचा कर्करोग झाल्याचें ज्या कुटुंबांत नुकतेंच कळलें आहे, त्या कुटुंबानें पहिल्या कांहीं आठवड्यांत काय करावें व आधार कोठें शोधावा, एवढाच विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम रोगाविषयीं थोडेंसें. 'घसा' हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. जिभेचें मूळ व टॉन्सिल, त्यांच्या खालचा अन्नमार्गाचा भाग, आणि श्वासनलिकेच्या तोंडाशीं असलेलें स्वरयंत्र, हीं सर्व स्थानें आपल्या बोलण्यांत घसाच होतात. पण रोग यांपैकीं नेमका कोठें आहे, यावर त्याचा उपचार व त्याचें भवितव्य अवलंबून असतें. स्वरतंतूंवरील गांठ अगदीं लहान असतांनाच आवाज बसतो. शिवाय त्या भागांत रसवाहिन्या विरळ असल्यामुळें रोग लवकर पसरत नाहीं. म्हणून हा प्रकार पहिल्या अवस्थेंत सांपडल्यास दहांपैकीं आठ-नऊ रोगी बरे होतात. अन्नमार्गाच्या खालच्या भागांतील गांठ मात्र पुष्कळ दिवस मुकी राहते. गिळतांना टोंचणें, एकाच कानांत कळ येणें, मानेवर गांठ हाताला लागणें, अशा खुणा ती उशिरा दाखविते. तंबाखू व मद्य हीं या रोगाचीं प्रमुख कारणें होत. टॉन्सिल व जिभेचें मूळ येथील कांहीं कर्करोग एका विषाणूमुळें होतात, आणि ते उपचारांस अधिक दाद देतात. म्हणून डॉक्टरांना विचारावयाचा पहिला प्रश्न हा, कीं रोग नेमका कोठें आहे व कोणत्या अवस्थेंत आहे. 'कर्करोग आहे' एवढ्या एका वाक्यावरून कोणींहि आयुष्याचा हिशेब मांडूं नये.

आतां दुसरा प्रश्न, आणि माझ्या मतें हाच सर्वांत अवघड. तपासणीचा कागद हातीं पडतो, आणि थोरला मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन हलकेच म्हणतो, "बाबांना कांहीं सांगूं नका हं. ते हाय खातील." यामागें प्रेम असतें, यांत शंका नाहीं. पण पुढें काय घडतें तें पहा. ज्या इस्पितळाच्या दारावरच रोगाचें नांव लिहिलेलें आहे, तेथें बाबांना रोज न्यावें लागतें. शेजारच्या बाकावर बसलेले रोगी त्यांच्याशीं बोलतात. बाबांना सर्व कळतें. मग घरच्यांना दुःख होऊं नये म्हणून बाबा गप्प राहतात, आणि बाबांना दुःख होऊं नये म्हणून घरचीं माणसें गप्प राहतात. ज्याच्या कंठालाच रोगानें धरलें आहे, त्याचें बोलणें रोगाच्याहि आधीं आपणच बंद करतों.

म्हणून सांगावें, पण कसें सांगावें, याला महत्त्व आहे. गडबडीच्या वेळीं, दारांत उभें राहून, किंवा दहा नातेवाईकांच्या बैठकींत सांगूं नये. रोग्याला जें सर्वांत जवळचें, त्या माणसानें शेजारीं बसावें, आणि शक्य तर डॉक्टरांच्या समक्ष बोलावें. आधीं विचारावें, "तुम्हांला स्वतःला काय वाटतें ? किती जाणून घ्यावेंसें वाटतें ?" कोणी म्हणेल, मला सर्व सांगा. कोणी म्हणेल, मला तपशील नको, तो मुलीला सांगा. हा दुसराहि त्याचाच निर्णय आहे, आणि त्याचाहि मान राखावा. सांगितल्यानंतर रोगी रडेल, चिडेल, किंवा दोन दिवस कोणाशीं बोलणार नाहीं. त्या दोन दिवसांत उपदेश करूं नये, शेजारीं बसावें.

रोग्याला सांगण्याचें एक व्यावहारिक कारणहि आहे. या रोगाच्या उपचारांत पुष्कळदां निवड करावी लागते. व्हिएन्ना येथें डॉ. बिलरोट यांनीं १८७३ सालच्या अखेरच्या दिवशीं कर्करोगासाठीं संपूर्ण स्वरयंत्र प्रथम काढलें. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें वाढलेल्या रोगावर हाच मुख्य उपाय राहिला. पुढें १९९१ सालीं अमेरिकेंतील एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत ३३२ रोग्यांपैकीं निम्म्यांवर शस्त्रक्रिया करून किरणोपचार दिले, व निम्म्यांना आधीं औषधें आणि मग किरणोपचार दिले. दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचें प्रमाण दोन्हीं गटांत सारखेंच, म्हणजे ६८ टक्के, भरलें; परंतु दुसऱ्या गटांतील ६४ टक्के रोग्यांचें स्वरयंत्र वांचलें होतें. तथापि गांठीनें कूर्चा भेदली असेल, किंवा गिळण्याची क्रियाच बिघडली असेल, तर आजहि शस्त्रक्रियाच बरी ठरते. आवाज, गिळणें आणि आयुष्य यांचा मेळ कसा घालावयाचा, हें ज्याचा कंठ आहे त्यालाच विचारलें पाहिजे. ज्याला रोगच सांगितलेला नाहीं, त्याला हें कसें विचारणार ?

असा निर्णय घेण्यापूर्वीं दुसऱ्या तज्ज्ञाचें मत अवश्य घ्यावें. त्यांत आठ-दहा दिवस गेले तर सहसा बिघडत नाहीं. बिघडतें तें जडीबुटी, गंडेदोरे आणि 'अमक्याच्या मेव्हण्याला गुण आला' या गोष्टींत महिने घालविल्यानें. प्रश्न एका वहींत लिहून न्यावे, उत्तरेंहि तींतच लिहावींत, आणि बरोबर नेहमीं एकच माणूस न्यावें. कारण भेदरलेल्या मनाला निम्मेंहि ऐकूं येत नाहीं.

१८८५ सालीं पृथ्वीच्या दोन टोकांना दोन प्रख्यात पुरुष याच रोगानें ग्रासलेले होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जनरल ग्रँट यांचा घसा १८८४ च्या उन्हाळ्यांत दुखूं लागला. पण घशाच्या तज्ज्ञाकडे ते ऑक्टोबरांत गेले, आणि तोंवर रोग हाताबाहेर गेला होता. त्याच वर्षीं पेढी बुडाल्यानें कुटुंबावर दारिद्र्य आलें होतें. त्यांनीं आठवणी लिहावयास घेतल्या. आवाज गेला तेव्हां ते डॉक्टरांशींहि पेन्सिलीनें चिठ्ठ्या लिहून बोलत. ग्रंथ पुरा झाल्यावर थोड्याच दिवसांनीं, २३ जुलै १८८५ रोजीं, ते वारले. त्या ग्रंथानें त्यांच्या पत्नीची ददात मिटली. इकडे कलकत्त्यास श्रीरामकृष्ण परमहंस आजारी होते. काशीपूरच्या बागेंतील घरांत तरुण शिष्यांनीं रात्रंदिवस पाळ्या लावून शुश्रूषा केली, गृहस्थ भक्तांनीं खर्च उचलला, आणि पथ्याचें अन्न शारदादेवी करीत. १६ ऑगस्ट १८८६ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्या काळीं औषध नव्हतें, पण श्रमांची वांटणी होती. आज औषध आहे. वांटणी मात्र पुष्कळ घरांत नसते.

ही वांटणी किती आवश्यक आहे, हें किरणोपचार सुरू झाल्यावर कळतें. आठवड्यांतून पांच दिवस, सहा ते सात आठवडे, रोज इस्पितळाची वारी. पहिले दोन आठवडे बरे जातात. मग तोंड सोलवटतें, लाळ आटते, चव जाते, आणि घोंटभर पाणीहि नकोसें होतें. उपचारांपूर्वींच दंतवैद्याकडून दांत तपासून घ्यावे, कारण मागाहून दांत काढल्यास जबड्याचें हाड बिघडण्याचें भय असतें. आहार मऊ व पौष्टिक असावा : तूप घातलेली गुरगुट्या भाताची पेज, मुगाचें वरण, नाचणीचें सत्त्व, दूध, चालत असल्यास अंडें. तिखट, आंबट व फार ऊन पदार्थ टाळावे. वजन उतरूं लागलें आणि डॉक्टरांनीं नाकांतून नळी घालण्यास सांगितलें, तर तें हार मानल्याचें चिन्ह समजूं नये. बहुतेकांची ती नळी पुढें निघते. गिळण्याचे व्यायाम मात्र शिकून चालू ठेवावे. तंबाखू तर त्याच दिवशीं सुटली पाहिजे. कॅनडांत १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, किरणोपचार चालू असतां धूम्रपान करीत राहिलेल्यांपैकीं ४५ टक्क्यांचीच गांठ पूर्णपणें विरली. धूम्रपान न करणाऱ्यांत हें प्रमाण ७४ टक्के होतें.

एवढा सारा भार बहुधा घरांतील एकाच बाईवर पडतो. नातेवाईक येतात, चहा घेतात, आणि जातांना म्हणतात, "कांहीं लागलें तर सांगा, वहिनी." वहिनी कधीं सांगत नाहींत. त्यापेक्षां असें म्हणावें : "मंगळवारीं व गुरुवारीं इस्पितळांत मी नेईन", "रविवारीं दुपारीं भाऊंजवळ मी बसतों, तुम्ही झोंप घ्या", "विम्याचे कागद माझ्याकडे द्या." वार आणि काम ठरलें, कीं सहानुभूतीची मदत होते.

ज्यांचें स्वरयंत्र काढावेंच लागतें, त्यांच्याविषयीं दोन शब्द. पुढें श्वास मानेवरील छिद्रांतून चालतो. म्हणून स्नानाच्या वेळीं तेथें पाणी जाऊं देऊं नये, आणि अडचणीच्या वेळीं प्राणवायु नाकाला न लावतां त्या छिद्राशीं लावावा, हें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असावें. परंतु बोलणें संपत नाहीं. अन्ननलिकेंत हवा घेऊन बोलण्यास शिकतां येतें. मानेला लावण्याचें विजेचें यंत्र मिळतें. आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांमध्यें एक लहानशी झडप बसवूनहि बोलतां येतें. सिंगर व ब्लोम या अमेरिकन द्वयानें १९८० च्या सुमारास ही झडप प्रचारांत आणली. शस्त्रक्रियेपूर्वींच डॉक्टरांना विनंती करावी, कीं या मार्गानें गेलेल्या एखाद्या माणसाची गांठ घालून द्या. तो नव्या आवाजांत चार वाक्यें बोलतो, तेव्हां आमच्यासारख्यांच्या चाळीस वाक्यांनीं न येणारा धीर येतो.

आधार घराबाहेरहि आहे. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत औषधोपचाराबरोबरच समाजसेवा-विभागहि आहे. पैशाची, राहण्याची अडचण तेथें संकोच न धरतां सांगावी. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून, आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून रोग्यांना साहाय्य करीत आहेत. बाहेरगांवच्या रोग्यांसाठीं दादरला संत गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा व परळला नाना पालकर स्मृति समितीची वास्तु आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका व ओळखपत्र पहिल्याच दिवशीं बरोबर न्यावें. रात्रीं झोंप लागत नाहीं, जगूं नयेसें वाटतें, असें रोगी म्हणूं लागल्यास तें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ अहोरात्र विनामूल्य चालतो, आणि तेथें मराठींतूनहि बोलतां येतें.

सगळेच रोगी बरे होतात, असें मी म्हणणार नाहीं. परंतु रोग हटत नसेल तेव्हांहि वेदना हटवितां येतात. त्यासाठीं वेदनाशामक शुश्रूषेचें निराळें शास्त्र आहे, आणि त्याची मदत शेवटच्या दिवसांपर्यंत न थांबतां आधींच मागावी.

श्रोतेहो, ज्यांच्या घरीं हें संकट आज उभें आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे. आज रात्रीं जेवणें झाल्यावर आजारी माणसाजवळ जाऊन बसा. "तुम्हांला काय वाटतें ?" असें विचारा. त्याचा आवाज बसलेला असेल, शब्द उमटावयास वेळ लागेल. त्याचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका. तें त्यालाच पुरें करूं द्या.