तक्रार घेऊन येणाऱ्या बाईसाठी



 पोलीस आणि वस्तीवासीयांची ही परिषद धारावीतच भरवायची, हा आमच्या स्वागत समितीचा आग्रह होता. पोलिसांनी इथे बंदोबस्ताला नव्हे, पाहुणे म्हणून यावे, एवढीच त्यामागची इच्छा.

वस्तीला पोलीस नको असतात, हा समज खोटा आहे. गुंडाचा पहिला जाच आम्हालाच होतो. नवऱ्याचा मार खाऊन एखादी बाई रात्री पोलीस ठाण्यात जाते, बाकावर ताटकळते आणि एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद घेऊन त्याच खोलीत परतते. नवरा तो कागद तिच्यासमोर फाडतो. पुढच्या वेळी ती ठाण्याची पायरी चढत नाही, गल्लीतल्या दादाकडे जाते. दादा असाच मोठा होतो. त्याच गल्लीतला कॉलेजात जाणारा मुलगा नाकाबंदीत अडवला जातो, तेव्हा नुसता पत्ता ऐकून त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते.

हे बदलता येते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा सामान्य रहिवासी आणि साधे पोलीस एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

पुढे पुण्यात आणि मग मुंबईत, ए. एन. रॉय पोलीस आयुक्त असताना, जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनेबरोबर पोलीस पंचायती सुरू झाल्या. प्रत्येक पंचायतीत सात बायका, तीन पुरुष, सगळे वस्तीतलेच, आणि सोबत पोलीस. नळावरची भांडणे, उसनवारीचे तंटे तिथेच मिटू लागले. सातजणी बायका आहेत म्हटल्यावर घाबरलेली बाईही बोलू लागते, हे मला या योजनेचे मर्म वाटते. मात्र तडजोड नळाच्या भांडणात चालते, मारहाणीत नाही. तिथे गुन्हा नोंदवलाच पाहिजे.

अशी कामे आजवर एकेका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभी राहिली. अधिकाऱ्याची बदली झाली, की वस्तीने पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यायची, असे किती दिवस चालणार? म्हणून पाहुण्यांना माझी विनंती आहे: वस्तीतली नियमित बैठक हा प्रत्येक ठाण्याच्या रोजच्या कामाचा भाग व्हावा, असा ठराव इथे करा. आणि त्यावर बोलण्याचा पहिला मान समोर बसलेल्या भगिनींना द्या.