खेळयंत्रांच्या राज्यांचे उदयास्त



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांच्या मनात किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असे काहीतरी असावे. आम्ही ‘व्हिडिओ गेमची यंत्रे’ असे सांगितल्यावर फोनवर क्षणभर शांतता पसरली. तरीही त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला, याबद्दल त्यांचे आभार. आमचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा पंडिती विवेचन आमच्याकडून होणार नाही. पण मालकांची राज्ये कशी चढतात आणि कशी पडतात, हे पाहण्यात आमची हयात गेली आहे. गिरण्यांना ज्या उदयास्तासाठी शंभर वर्षे लागली, तो या धंद्यात दहा-दहा वर्षांत उरकतो. म्हणून हा पोरखेळ आम्ही आपल्यापुढे मांडतो आहोत.

१९९० नंतरच्या दशकात ज्यांच्या घरी लहान मुले होती, त्यांना ती पेटी आठवत असेल. टीव्हीला जोडायची, वर कॅसेट खोचायची, चालली नाही तर कॅसेटला फुंकर मारून पुन्हा खोचायची. त्या पेटीवर बहुधा निंटेंडोचे नाव नसे. पण ती त्या जपानी कंपनीच्याच यंत्राची नक्कल होती. ज्याची नक्कल आपल्या बाजारपेठेपर्यंत पोहोचली, त्याचे साम्राज्य केवढे असेल याची कल्पना करावी. पण त्याच दशकात ते साम्राज्य दुसऱ्याने हिरावून घेतले. कसे, ते पाहू.

आठवडी बाजार आपण सर्वांनी पाहिला आहे. जेथे पाले जास्त तेथे गिऱ्हाईक जाते, आणि जेथे गिऱ्हाईक जास्त तेथे पालवाला पाल ठोकतो. बाजाराचा ठेका ज्याने घेतला तो प्रत्येकाकडून पावती फाडतो. कन्सोल बनवणारी कंपनी ही अशी ठेकेदार आहे. यंत्र हे तिचे मैदान. ते ती पडत्या भावात, कधी पदरचे घालूनही विकते. खेळ लिहिणाऱ्या इतर कंपन्या हे पालवाले. त्यांच्या प्रत्येक विक्रीमागे तिला पावतीचे पैसे मिळतात. एकदा बाजार भरला, की तो मोडणे कठीण. पण या धंद्यात एक विलक्षण गोष्ट आहे. दर पाच-सात वर्षांनी नवे यंत्र निघते, जुने मैदान ओस पडते, आणि पालवाल्याला व गिऱ्हाइकाला पुन्हा नव्याने ठरवावे लागते, की आता कोणाकडे जायचे? ठेकेदाराची परीक्षा त्या दिवशी होते. मागल्या पाच वर्षांत तो कसा वागला, हे कोणी विसरलेले नसते.

पहिले राज्य अमेरिकेतील अटारीचे. १९७२ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी ही कंपनी काढली. १९७६ साली ती वॉर्नर या बड्या कंपनीने घेतली, आणि १९७७ साली कॅसेट बदलता येणारे तिचे घरगुती यंत्र बाजारात आले. पुढील काही वर्षे अमेरिकेत ‘अटारी’ म्हणजेच व्हिडिओ गेम, अशी स्थिती होती.

तेथे खेळ लिहिणारे जे तंत्रज्ञ होते त्यांना पगार मिळे. पण विक्रीत वाटा नाही, आणि कॅसेटवर नावही नाही. वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली बांधली आणि तीत स्वतःचे नाव लिहून ठेवले. मालकाला पत्ता नव्हता. तो नोकरी सोडून गेल्यावर एका खेळणाऱ्या मुलाने ती खोली शोधून काढली. आपल्या हातच्या कामावर आपले नाव असावे, एवढी साधी इच्छा. ती चोरून पुरी करावी लागली.

डेव्हिड क्रेन आणि त्याचे तीन सोबती यांनी मात्र उघड मागणी केली. कोणती कॅसेट किती खपली याचा कागद हाती आल्यावर त्यांनी हिशेब केला, आणि विक्रीचा मोठा भाग आपल्या खेळांचा आहे असे त्यांना दिसले. ते कंपनीचे प्रमुख रे कॅसार यांच्याकडे गेले. क्रेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे त्यांना उत्तर मिळाले ते अशा अर्थाचे, की कॅसेट जुळवणाऱ्या साखळीवरच्या कामगाराहून तुम्ही काही अधिक महत्त्वाचे नाही. चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ बनवणारी ही पहिली कंपनी. अटारीने दावा लावला. १९८२ साली तडजोड झाली.

आता मैदानाला कुंपणच नव्हते. कोणीही यावे, काहीही विकावे! रद्दड खेळांचे ढीग दुकानात साचले. अटारीनेही तेच केले. ‘ई. टी.’ या चित्रपटावरचा खेळ नाताळात विकता यावा म्हणून एका तंत्रज्ञाकडून तो सुमारे पाच आठवड्यांत लिहून घेतला आणि लाखोंनी कॅसेटी काढल्या. गिऱ्हाईक विटले. १९८३ साली कंपनीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला, आणि न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे खड्ड्यात पुरण्यात आला. २०१४ साली तो उकरला तेव्हा कॅसेटी सापडल्या.

ज्या साखळीवरच्या कामगाराचा दाखला देऊन त्या चौघांना गप्प केले, त्याचे काय झाले? फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने उत्पादन हाँगकाँग व तैवानला हलवण्याचे जाहीर केले आणि कॅलिफोर्नियातील १,७०० कामगार बेकार झाले. कॅसारसाहेबांच्या उत्तरात आम्हा युनियनवाल्यांना दोन अपमान दिसतात. लिहिणाऱ्याचा तर आहेच. पण ‘साखळीवरचा कामगार’ हे शब्द क्षुद्रतेचे माप म्हणून वापरले गेले, हा दुसरा. आणि दुःख असे, की त्या चौघांनाही तो पहिलाच अपमान झोंबला असावा.

दुसरे राज्य निंटेंडोचे. १८८९ साली क्योतो येथे पत्ते बनवणारी म्हणून ही कंपनी निघाली. तेथे १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी नोकरीस लागला. फावल्या वेळात त्याने लांबवता येणारा एक चिमटा बनवला. मालक हिरोशी यामाउची यांच्या तो दृष्टीस पडला. त्यांनी दटावले नाही. ते खेळणे १९६६ साली बाजारात आणले आणि ते तुफान खपले. याच योकोईने पुढे ‘गेम बॉय’ घडवला. त्याचे तत्त्व असे, की जुने, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. कॅलिफोर्नियात जो क्षुद्रतेचा दाखला ठरला, तोच क्योतोत कंपनीचे भाग्य ठरला.

निंटेंडोचे यंत्र १९८३ साली जपानात व १९८५ साली अमेरिकेत आले. अटारीचा धडा तिने पक्का गिरवला. यंत्रात कुलूप घालणारी चिप बसवली. परवानगीविना कॅसेट चालेना. कोणत्याही परवानाधारकाने वर्षाला पाचच खेळ काढावेत, कॅसेटी निंटेंडोकडूनच घ्याव्यात, पैसे आगाऊ भरावेत आणि तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर नेऊ नये, अशा अटी होत्या. दर्जा राखला गेला, हे खरे. बुडालेला धंदा सावरला, हेही खरे. पण कुंपण आणि फास यांत अंतर असते. पालवाले मुकाट्याने पैसे मोजत होते आणि मनात नोंद करत होते.

१९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने निंटेंडोबरोबर सीडीवर चालणारे यंत्र बनवत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी निंटेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी केल्याचे सांगितले. सोनीच्या हाती सीडीवरच्या खेळांची सत्ता जाईल ही तिला धास्ती होती. चारचौघांत झालेला तो अपमान सोनीचे अभियंते केन कुतारागी विसरले नाहीत. डिसेंबर १९९४ मध्ये ‘प्लेस्टेशन’ निघाले. सीडी स्वस्त, झटपट छापून होणारी आणि पुष्कळ मजकूर मावणारी. निंटेंडोने मात्र १९९६ च्या यंत्रातही महागडी कॅसेटच ठेवली. ‘फायनल फँटसी’ ही गाजलेली मालिका, जी आजवर निंटेंडोच्या अंगणात वाढली, तिचा सातवा खेळ १९९७ साली सोनीकडे निघाला. प्लेस्टेशन १० कोटींहून अधिक खपले, निंटेंडोचे यंत्र सुमारे ३ कोटी ३० लाख.

सोनीचे दुसरे यंत्र २००० साली आले आणि १६ कोटींपर्यंत पोहोचले. मग तिच्याही डोक्यात राज्य गेले. २००६ चे तिसरे यंत्र ४९९ व ५९९ डॉलरला विकावयास काढले, आणि त्यातील प्रोसेसर असा, की खेळ लिहिणारे मेटाकुटीस आले. मायक्रोसॉफ्ट वर्षभर आधीच मैदानात उतरली होती. निंटेंडोने योकोईचेच तत्त्व उचलले, आणि साध्या तंत्राचे ‘वी’ हे यंत्र २४९ डॉलरला देऊन आजीआजोबांनाही हात हलवून खेळायला लावले.

आपण म्हणाल, युनियनवाल्याला सगळीकडे कामगारच दिसतो. मालक माणसांशी चांगला वागला की राज्य टिकते, असे सांगून हा बसणार. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. योकोईचेच ‘व्हर्च्युअल बॉय’ १९९५ साली साफ पडले. सेगाचे ‘ड्रीमकास्ट’ चांगले यंत्र होते, तरी २००१ साली ते बंद झाले. आधीच्या यंत्रांच्या गोंधळात गिऱ्हाइकाचा व दुकानदाराचा विश्वास उडाला होता. सतोरू इवाता हे निंटेंडोचे प्रमुख स्वतः खेळ लिहिणारे. त्यांच्याच काळात ‘वी यू’ हे यंत्र अवघे १ कोटी ३५ लाख खपले. किंमत, वेळ, तंत्राची निवड आणि नशीब, या सर्वांचा हिशेब धरलाच पाहिजे.

पण पडल्यावर उठायचे कोणाच्या बळावर? इवातांनी २०१४ साली स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा केला. नोकरीच्या धास्तीत असलेली माणसे लोकांना रिझवणारे खेळ लिहू शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. माणसे जागेवर राहिली. २०१७ साली ‘स्विच’ आले आणि १५ कोटींच्या पुढे गेले. एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही. पण मालकांनी हे उदाहरण उशाशी ठेवावे.

आता शेवटचे. ज्या चौघांनी नाव मागितले, त्यांची ॲक्टिव्हिजन पुढे अवाढव्य झाली. २०२२ साली तिच्याच एका शाखेतील खेळ तपासणाऱ्या कामगारांनी १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. नाव मागण्यातून जिचा जन्म झाला, तिच्याच दारात पुन्हा तीच मागणी! ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ६९ अब्ज डॉलरना ती विकत घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळविभागातील १,९०० माणसे कमी केली. पुढल्याच महिन्यात सोनीने सुमारे ९०० कमी केली. यांतील एकही राज्य तेव्हा पडलेले नव्हते.

तेव्हा मंडळी, राज्य चढते कसे, हे आम्ही बाजाराच्या दाखल्याने सांगितले. पडते कसे, तेही सांगितले: भरलेले मैदान ही आपली जहागीर आहे, असे ठेकेदाराला वाटू लागले की त्याची उतरण सुरू होते. पण चढणीत ज्यांचे नाव येत नाही आणि उतरणीत ज्यांची भाकर पहिली जाते, ती माणसे दोन्ही वेळी तीच असतात. आपल्या घरातील मुले उद्या हे काम करणार आहेत. काही आजच करत आहेत. त्यांच्याशी बोलताना पगार किती, एवढेच विचारू नका. तुमच्या कामावर तुमचे नाव असते का, आणि शेजारच्या मेजावरच्याचे असते का, हेही विचारा. गुप्त खोली बांधून आपले नाव लपवण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.