उचल घेतलेल्या माणसाची मर्जी
(तिसगाव येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे का, हा प्रश्न आपल्या पाथर्डी तालुक्यात दसऱ्याच्या आधी विचारावा. तेव्हा ऊसतोडीचा मुकादम गावोगाव फिरतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, ठरतो आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हातात पडते. मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परक्या उसाच्या फडात राबायचं. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं : ‘त्यांच्या मर्जीनं घेतली.’ अंगठा त्यांनीच दिला, हे खरं. पण पाऊस गेलेला, विहीर आटलेली, लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. यात मर्जी किती आणि अडचण किती?

शास्त्रज्ञ हा प्रश्न मेंदूत शोधतात. त्यांच्यापैकी बेंजामिन लिबेट यांनी 1983 साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. वाटेल तेव्हा मनगट हलवायचं, एवढंच काम. ‘आता हलवावं’ हे जाणवण्याआधीच, सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं आधी, मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली. पुष्कळांनी इच्छास्वातंत्र्य निकालात काढलं. लिबेट मात्र म्हणत राहिले की शेवटच्या क्षणी हालचाल रोखणं आपल्या हाती आहे. या तयारीचा अर्थही पुढं इतरांनी वेगळा लावला. मला वाटतं, मनगट हलवायला कारण लागत नाही. उचल घ्यायची की नाही, यावर घर रात्र रात्र जागतं. पहिल्यावरून दुसऱ्याचा निवाडा होणार नाही.

हा पेच आपल्याकडेही जुना आहे. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1290 साली ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली. तिच्या अठराव्या अध्यायात अर्जुनाला आधी बजावलं जातं की तुझा स्वभावच तुला युद्धाला लावील. आणि थोडं पुढं सांगितलं जातं, नीट विचार कर, मग तुला हवं ते कर. ही दोन्ही वाक्यं एकाच अध्यायात आहेत. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात, 1910-11 च्या हिवाळ्यात, गीतारहस्य लिहिलं. त्यातलं एक अख्खं प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर आहे. कर्माची साखळी त्यांनी नाकारली नाही. तिच्यात अडकलेल्यालाही सुटण्याची धडपड करता येते, असं त्यांनी मांडलं. दाराला कुलूप असलेल्या माणसानं हे लिहिलं, म्हणून मला ते जास्त विश्वासाचं वाटतं.

माझं म्हणणं असं की स्वातंत्र्य कमी-जास्त होतं, आणि ते बरंचसं दुसऱ्यांच्या हातून होतं. ‘नशिबात होतं’ आणि ‘मर्जीनं घेतली’ ही दोन्ही उत्तरं आपल्याला अंग काढून घेऊ देतात. फडावर निघताना लेकीला आजीपाशी ठेवून तिची शाळा टिकवणारी आई निवड करतेच. पण जिच्या घरी आजी नाही, तिचं काय? मागं राहणाऱ्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह मजुरांच्या गाड्या भरण्याआधी उघडलं, तर तिच्यापुढं दोन वाटा असतात. दिवाळीनंतर उघडलं तर एकच, कारण तोवर पोरगी फडावरच्या कोपीवर, म्हणजे आईबापाच्या झोपडीत, पोचलेली असते.