नवा शिक्षक शाळेत येतो तेव्हा

(केंद्रसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या संमेलनात काही नवे, तरुण चेहरे दिसत आहेत, याचा आनंद वाटतो. त्यांना उपदेशाचे चार शब्द सांगावेत, अशी केंद्रप्रमुखांची सूचना होती. परंतु मला बोलावयाचे आहे ते जुन्या मंडळींशी. नवा शिक्षक पुढे कसा निपजेल, हे जितके त्याच्यावर, तितकेच पहिल्या पंधरवड्यात त्याला सोबत करणाऱ्या सहकाऱ्यावर अवलंबून असते.

माझाच अनुभव सांगतो. अध्यापक विद्यालयातून पदविका घेऊन मी जून महिन्यात पहिल्या शाळेत रुजू झालो. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या किल्ल्या व तिसरीचा हजेरीपट माझ्या हाती दिला आणि "कामाला लागा" एवढे सांगून ते तालुक्याला निघून गेले. मी कामाला लागलो. पाठटाचणे काढली, तक्ते रंगविले. दिवाळीची सुटी संपली आणि वर्गातील एक मुलगी येईनाशी झाली. मी रोज तिची गैरहजेरी मांडीत गेलो व पुढे नियमाला अनुसरून तिचे नाव कमी केले. चैत्रात एके सकाळी ती वर्गात येऊन आपल्या जागी बसली. हजेरी संपेपर्यंत तिने आपल्या नावाची वाट पाहिली. नाव आले नाही. मधल्या सुटीत ती गेली, ती पुन्हा आली नाही. दोन दिवसांनी मी घरी गेलो, तेव्हा तिची आई म्हणाली, "नाव काढलं म्हनं तिचं, गुरुजी. आता ऱ्हाऊ द्या, धाकट्याला सांभाळंल."

ते कुटुंब दरसाल ऊसतोडीला जाते, हे साऱ्या गावाला ठाऊक होते, मुख्याध्यापकांनाही होते. मला कोणी सांगितले नाही, हा दोष त्यांचा. मी वेळीच घरापर्यंत गेलो नाही, हा दोष माझा. परंतु दोघांच्या दोषाची किंमत त्या मुलीने दिली. आज अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, शिक्षण हमी पत्रक आहे. तथापि कोणते मूल केव्हा गावाबाहेर जाते, हे नव्या शिक्षकाला कळले नाही, तर या सोयी त्या मुलापर्यंत पोहोचणार कशा?

म्हणून चार गोष्टी आग्रहाने सांगतो.

पहिली गोष्ट : आधी मुले, मग कागद. पहिल्या आठवड्यातील एक सायंकाळ काढून नव्या सहकाऱ्याला वाडी-वस्तीवर घेऊन जा. कोणते मूल ओढा ओलांडून येते, कोणाला फळा नीट दिसत नाही, कोणाचे आईबाप कामासाठी बाहेरगावी जातात, हे घराघरांपुढे उभे राहून सांगा.

दुसरी गोष्ट : दप्तर एकदम अंगावर टाकू नका. रोज एक नोंदवही घ्या व शेजारी बसून दाखवा. जनरल रजिस्टरातील जन्मतारखेची व जातीची नोंद मुलाला जन्मभर पुरते. तिच्यात परस्पर खाडाखोड करावयाची नसते, हे त्याला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. आणि "तुम्हाला संगणक येतो" म्हणून शाळेची सारी ऑनलाइन माहिती त्याच्याच माथी मारणे, हे स्वागत नव्हे.

तिसरी गोष्ट : बोली. पवित्र पोर्टलमार्फत होणाऱ्या नेमणुकांमुळे नांदेडचा तरुण नंदुरबारला किंवा विदर्भातील भगिनी कोकणात येऊ शकते. मूल अहिराणी किंवा पावरी बोलते आणि शिक्षकाला ते कळत नाही, तेव्हा मूल मुके होते व शिक्षक त्याला मंद समजतो. रोजच्या व्यवहारातील वीस-पंचवीस शब्द त्याला लिहून द्या. बाकीचे मुलेच शिकवितील.

चौथी गोष्ट : प्रथम त्याला तुमचा पाठ पाहू द्या, मग तुम्ही त्याचा पाहा. चूक दिसली तर शाळा सुटल्यावर सांगा. मुलांपुढे किंवा पालकांपुढे नव्हे. २००० सालापासून नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करतो. नोकरीच्या धास्तीने तो शंका विचारीत नाही. तेव्हा विचारण्याचा संकोच तुम्हीच मोडावयास हवा. जेथे एकच शिक्षक आहे, तेथे शेजारच्या शाळेने हे काम आपले मानावे.

नव्या मित्रांना एवढेच सांगतो : विचारण्यात कमीपणा नाही. मी विचारले असते, तर एक नाव हजेरीपटावर राहिले असते.

पुढील भेटीत मी आपल्या शाळेत येईन, तेव्हा नोंदवह्या पाहीनच. परंतु त्याआधी नव्या शिक्षकाला विचारीन, "आज गैरहजर असलेल्या मुलाचे घर कोठे आहे?" त्याने मला तेथवर नेले, तर त्याचे श्रेय मी तुम्हाला देईन.